मदत हवी आहे: गीझरमधलं पाणी पूर्ण कसं काढायचं?

मंडळी, नमस्कार.

आम्ही पुण्याजवळ वाघोलीत राहतो. सोसायटीला बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. बाथरूममध्ये २५ लिटरचा उभा गीझर आहे, २००० वॅटचा, वॉरंटी कधीच संपलेली. गेल्या थंडीपासून तो तापायला लागला की आतून फुटाणे भाजल्यासारखा तडतड आवाज येतो. शॉवरच्या जाळीत पांढऱ्या खपल्या अडकतात. पूर्वी दोन बादल्या कढत पाणी सहज निघायचं, आता दुसरी बादली अर्धी झाली की कोमट यायला लागतं. शॉक वगैरे काही नाही, एमसीबीही पडत नाही.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण न उघडताच "टाकी गेली, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. टाकी कुठून गळत नाही, बाहेर गंज नाही, मग एवढ्यात टाकून द्यायचं मनाला पटत नाही.

म्हणून आतला गाळ काढावा असं ठरवलंय. पण सुरुवातीलाच अडलंय. गीझरकडे येणारा अँगल कॉक बंद केला आणि गरम पाण्याचा नळ सोडला, तर जेमतेम तांब्याभर पाणी आलं आणि धार थांबली. टाकी रिकामी झाली म्हणावं तर २५ लिटर गेलं कुठे? खालचा कनेक्शन पाइप आता सोडवला तर चालेल का? क्षार काढायला ॲसिड घालतात असं शेजारी म्हणतात, ते कितपत बरोबर? घरात सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत, पहाटे उठून अंघोळ करतात, त्यामुळे विजेच्या वस्तूत अर्धवट काम मला नको आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, टाकी अजून भरलेलीच आहे. पाइप घाईने सोडवू नका.

कारण असं. गीझरखाली दोन नळ्या असतात. निळ्या खुणेच्या नळीतून गार पाणी टाकीच्या तळाशी येतं. लाल खुणेची नळी मात्र आत थेट वरपर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी वर गोळा होतं. म्हणजे गरम पाणी आपोआप खाली उतरत नाही, खालून आलेलं गार पाणी त्याला वर ढकलतं. अँगल कॉक बंद केला की ढकलणारं कोणी उरत नाही, धार थांबते. टाकी रिकामी करायची तर पाणी निळ्या बाजूने काढायचं आणि लाल बाजूने हवा आत जाऊ द्यायची.

आधी गरम पाणी वापरून संपवा. स्विच बंद करून नळ चालू ठेवा, गार पाणी यायला लागेपर्यंत. मग एमसीबी खाली पाडा, नुसत्या स्विचवर विसंबू नका. अँगल कॉक बंद करा आणि मिक्सरची फक्त गरम बाजू उघडी ठेवा. गार बाजूही उघडी राहिली तर मिक्सरमधून गार पाणी उलटं टाकीत जात राहतं.

आता निळ्या नळीवरचा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. त्याला छोटी दांडी असेल तर ती उचला, खाली बादली धरा. दांडी नसेल तर कनेक्शन पाइप काढून व्हॉल्व्हसुद्धा पान्याने सोडवावा लागेल, कारण त्यात पाणी मागे येऊ न देणारी झडप असते. नुसता पाइप काढून टाकी रिकामी होणार नाही. दोन मोठ्या बादल्या तयार ठेवा. शेवटचं पाणी गढूळ आणि खडीसारखं निघेल. थोडं पाणी भरून पुन्हा सोडायचं, असं स्वच्छ येईपर्यंत करत राहा.

प्रतिसाद २

वरच्यांनी नीट सांगितलंय. ॲसिडबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय: संडास धुवायचं ॲसिड टाकीत अजिबात घालू नका. आतला काचेसारखा लेप आणि कॉइल दोन्ही खराब होतील, आणि बंद बाथरूममध्ये त्याचा धूर छातीला वाईट. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून कॉइल त्यात भिजवली की थर मऊ होऊन सुटतो. खरवडायला सुरी, स्क्रूड्रायव्हर नको.

पण कॉइल काढायची म्हणजे तळाची प्लेट उघडायची, आणि तिथे वायरिंग, थर्मोस्टॅट, अर्थिंग सगळं आहे. हे काम तुम्ही जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतः समोर उभं राहून. प्लेट उघडली की रबरी गॅस्केट नवीनच टाकायचं, जुनं परत बसवलं की हमखास गळतं. त्याच प्लेटला सहसा मॅग्नेशियमची कांडी असते. ती टाकीऐवजी स्वतः झिजते, म्हणून टाकी गंजत नाही. आतली लोखंडी तार दिसायला लागली असेल तर कांडी बदला. माझ्या मते टाकी वाचवायला याहून स्वस्त काही नाही, आणि बहुतेक दुरुस्तीवाले तिचं नावही काढत नाहीत.

सासऱ्यांसाठी आणखी एक: घराला ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा. कॉइलला चीर पडली की तोच आधी पडतो. तो पडत असेल तर गीझर वापरायचाच नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दांडीवाला व्हॉल्व्ह निघाला! पाणी काढलं, दुसऱ्या बादलीच्या तळाशी वाटीभर पांढरा चुरा होता. सोसायटीच्या तपासणीत पाण्याचा हार्डनेस लिटरला ५४० मिलिग्रॅम आलाय. हे फार आहे का? आणि गीझर तापताना तो व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो, तिथे बूच लावावं का?

प्रतिसाद १

बूच कधीही लावू नका. गार पाणी साठ अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे तुमच्या टाकीत पाव लिटरहून जास्तच. मागे जायची वाट बंद असते, तेव्हा ते त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडतं. त्याला बारीक नळी जोडून मोरीत सोडा. तापवणं बंद असतानाही सतत गळत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदलायचा.

५४० जास्तच आहे. भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्यापुरतं ते ठीक, गीझरला नाही. अशा पाण्यात मी सहा महिन्यांनी गाळ सोडतो आणि वर्षाने प्लेट उघडतो. थर्मोस्टॅटचा खटका बाहेर असेल तर पन्नास-पंचावन्नवर ठेवा, जास्त तापवलं की क्षार लवकर बसतात. आणि आता भरताना आधी अँगल कॉक उघडा, गरम नळातून हवेचे फुरफुर आवाज थांबून सलग धार आली की मगच एमसीबी वर करा. रिकाम्या टाकीत वीज दिली तर कॉइल जळते.

धागाकर्ती

केलं तसंच. आवाज कमी झालाय, पण पूर्ण गेला नाही. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, गॅस्केट आणि कांडी आधीच आणून ठेवते. कांडी घेताना लांबी आणि आटे जुळवावे लागतात का?

प्रतिसाद २

हो, दोन्ही. मॉडेलचं लेबल गीझरच्या बाजूला किंवा तळाला असतं, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. नाहीतर रविवारी जुनी काढल्यावर तीच घेऊन जा, तोवर टाकी उघडी राहिली तरी बिघडत नाही.