मदत हवी आहे : पीसीओडी आहे, चान्स घेतोय. आहारात नेमकं काय बदलू?

रानजाई

नमस्कार. इथलं वाचत असते, पण धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं सविस्तर लिहिते म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

वय ३१, लग्नाला ४ वर्षं झाली. राहायला साताऱ्याजवळ, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर खुर्चीवर. वजन ७२ किलो, उंची ५ फूट २ इंच. पाळी ४० ते ५० दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं, थायरॉईड नॉर्मल आहे. बाळासाठी प्रयत्न सुरू करून वर्ष होत आलं. डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "वजन कमी करा, आहार सुधारा." बाहेर इतकी गर्दी होती की पुढे काही विचारता आलं नाही.

आता घरी प्रत्येकाचा आहार वेगळा. सासूबाई प्रेमाने हळिवाचे लाडू करून देतात. आतेसासूबाईंनी पपई आणि तीळ घरात आणायचे नाहीत असं बजावलंय. मैत्रीण म्हणते पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या. व्हिडिओंमध्ये कुणी गहू बंद करायला सांगतं, कुणी दूध. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. गहू आणि दूध दोन्ही सोडलं तर मी खायचं काय? शिवाय माझे सोमवार आणि संकष्टी असतात, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ठरलेली.

अजून एक. हे सगळे सल्ले मलाच मिळतात. यांना तंबाखूची सवय आहे आणि जेवण बहुतेक बाहेरचं, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुरुषाच्या खाण्याचा याच्याशी काही संबंध असतो का?

आहाराने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी? कृपया नीट सांगा. फार गोंधळ झालाय आणि रडूही येतं.

अबोली_पुणे

रानजाई, आधी शांत व्हा. मी आहारतज्ज्ञ आहे आणि तुम्ही लिहिलेलं जवळजवळ रोज ऐकते. तुमच्या बाबतीत आहाराने फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. का ते सांगते, कारण एकदा ते कळलं की कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं सोडायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पीसीओडी असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, नीट काम करत नाही. मग शरीर ते जास्त तयार करतं. रक्तात इन्सुलिन वाढलं की बीजांडकोशातून पुरुषी संप्रेरकं जास्त स्रवतात, आणि स्त्रीबीज अर्ध्यावर वाढून थांबतं. सोनोग्राफीत ज्यांना 'गाठी' म्हणतात त्या खरं तर अशा थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात. अंडं फुटत नाही, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. म्हणजे आहारात आपल्याला मुख्यतः इन्सुलिनची उसळी कमी करायची आहे. वजन फार उतरायला हवं असंही नाही. जास्त वजन असलेल्यांमध्ये ५ ते १० टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी सुधारते. तुमच्या ७२ किलोचे ५ टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. ते जमण्यासारखं आहे.

गहू बंद करायची गरज नाही. साताऱ्याकडच्या माणसाला ज्वारी-बाजरीची भाकरी काही नवी नाही, एका वेळेला ती घ्या. खरा बदल ताटातल्या प्रमाणात हवा. आपल्याकडे शाकाहारी ताट म्हणजे तीन पोळ्या, ढीगभर भात, पातळ आमटी आणि चमचाभर भाजी. ते उलटं करा. घट्ट वरण किंवा मोड आलेली उसळ वाटीभरून, भाजी त्याहून जास्त, कोशिंबीर, ताक, आणि मग दोन भाकऱ्या किंवा थोडा भात. सकाळी नुसते पोहे किंवा उपमा नको. पोह्यांत मटार-शेंगदाणे भरपूर घाला, सोबत वाटीभर दही घ्या, नाहीतर मुगाचं धिरडं किंवा थालीपीठ करा. पिठलं-भाकरी हे तर आपलं उत्तम जेवण आहे, त्याला उगाच गरिबाचं समजतात.

दुधाबद्दल. अमेरिकेत परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात १७ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती होती, तो २००७ मध्ये छापून आला. त्यात साय काढलेलं दूध जास्त घेणाऱ्यांमध्ये अंडं न फुटण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या, आणि सायीचं दूध घेणाऱ्यांमध्ये कमी. ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या पदार्थांतली घातक चरबी) जास्त आणि वनस्पतीतून मिळणारी प्रथिनं कमी, हेही नुकसानीचं दिसलं. तो नोंदींवरचा अभ्यास आहे, म्हणून कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण 'दूध सोडा' याला त्यात अजिबात आधार नाही. शाकाहारी बाईने तर सोडूच नये. खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण मात्र सोडा. आपल्याकडे २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के केली आहे, तरी गाड्यावरच्या कढईत काय चाललंय ते कोण बघतं?

आणि जेवणानंतर चाला. रोज, अर्धा तास तरी. बँकेत बसून काम करणाऱ्या बाईला हे ताटाइतकंच महत्त्वाचं.

मुपो_सांगली

अबोलीताईंनी छान लिहिलंय. मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितो, पण ती कृपया टाळू नका. बी१२.

तुम्ही अंडंही खात नाही म्हणजे बी१२ जीवनसत्त्व फक्त दूध-दह्यातून मिळणार, आणि ते बहुतेकदा पुरत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. गरोदरपणात निम्म्याहून जास्त आयांचं बी१२ कमी होतं. फोलेट (तुमच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतलं जीवनसत्त्व) मात्र बहुतेकींचं चांगलं होतं. आणि ज्यांचं फोलेट जास्त पण बी१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त दिसलं. २००८ चा निबंध आहे. हे आपल्या मातीतलं संशोधन, आणि आपल्याच घरांत पोचलेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिड बंद करा असा मुळीच नाही. ते घ्यायलाच हवं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून होतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तेव्हा बाईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ते आधीपासून घेतात. पण सोबत बी१२ तपासा. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि साखरही. माझ्या बायकोचं बी१२ खूप कमी निघालं होतं, हातापायाला मुंग्या यायच्या आणि आम्ही थकवा समजत होतो.

सह्यकडा

पुरुषाच्या खाण्याचा संबंध असतो का, हे विचारलंत ते फार बरं केलंत. असतो.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर येईपर्यंत आणखी काही. म्हणजे नवऱ्याने आज तंबाखू सोडली तर तपासणीत फरक दिसायला तीन महिने जातात. म्हणून आजच सोडायची. तंबाखू चघळली काय, ओढली काय, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्हींवर परिणाम होतो. दारू कमी, झोप पुरेशी, पोट कमी. खाण्यात तेच जे तुम्ही खाणार: डाळी, पालेभाज्या, फळं, अक्रोड-शेंगदाणे. त्यांना वेगळं ताट लागत नाही, डबा घरून न्यायला सुरुवात करू द्या.

पावडरी आणि 'शक्तिवर्धक' गोळ्यांवर पैसे घालू नका. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर चाचणी झाली, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. २०२० मध्ये निकाल आला: बाळ होण्याच्या प्रमाणात फरक नाही, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या. आणि कुणी जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर ती शुक्राणू जवळजवळ बंद पाडू शकतात. हे तरुण मुलांना कुणी सांगत नाही.

मुख्य म्हणजे वीर्य तपासणी करून घ्या. स्वस्त, साधी, कुठेही होते. बायकोच्या दहा तपासण्या होतात आणि नवऱ्याची एक होत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलंय. वहिनीने चार वर्षं उपास-तापास केले, दोष भावाकडे होता.

विजयाकाकू

रानजाई बाळा, मी साठी ओलांडलेली बाई आहे. सासूबाईंचं मन मोडू नकोस, पण लाडवाचं गणित समजून घे.

हळिवात लोह चांगलं असतं, खरं आहे. पण हळीव हे आपल्याकडे मुळात बाळंतिणीचं खाणं, आणि लाडवात गूळ-खोबरं-तूप किती जातं ते तुला माहीत आहे. तुला वजन उतरवायचंय. एखादा लाडू, रोज नाही. पाळी चुकल्याची शंका असेल तेव्हा थांब, आधी तपासणी कर. लोहासाठी राजगिरा, मेथी, चवळी आहेत. वर लिंबू पीळ आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही.

पिकलेली पपई जेवणात फोडभर खाल्ली तर काही होत नाही. जपायचं ते कच्च्या पपईच्या चिकाला. तिळाची चटणी खुशाल खा, भाकरीबरोबर त्याहून चांगलं काय! पंधरवड्याच्या बियांचा हिशेब मात्र मला पटत नाही. तुझी पाळी ४०-५० दिवसांची, त्यात पंधरवडा कुठला धरणार? बिया चांगल्याच आहेत, चमचाभर रोज खा आणि विसरून जा.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला होता, २००६ पासून. दिवस राहण्याच्या आधीपासून बायकांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ दिला. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर बाळांच्या वजनात मोठा फरक नव्हता, पण ज्यांनी तीन महिने किंवा जास्त आधीपासून खाल्लं त्यांची बाळं थोडी वजनदार झाली. आणि गरोदरपणातला मधुमेह खाऊवाल्या बायकांत स्पष्ट कमी दिसला. तुला पीसीओडी आहे म्हणजे तो धोका तुला जास्त. म्हणून आता जे खाशील ते पुढच्यासाठीही आहे.

क्षितिज_नाशिक

सगळे आहारावर बोलतायत, मला वेळेबद्दल बोलायचंय. आहार करा, जरूर करा, पण त्यासाठी तपासण्या पुढे ढकलू नका. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासायचं, हा नियम आहे. पाळी एवढी अनियमित असेल तर वर्षाचीही वाट पाहायची नसते. अंडं फुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या साध्या गोळ्या आहेत, पीसीओडीत आता पहिली पसंती तीच असते. माझ्या मावसबहिणीच्या गर्भाशयाकडे बीज नेणाऱ्या दोन्ही नळ्या बंद होत्या, जुन्या टीबीमुळे. आपल्याकडे हे कारण बरंच आढळतं. बंद नळी कुठल्याही आहाराने उघडत नाही.

अजून एक, अ‍ॅपमध्ये १४ वा दिवस दाखवतात तो तुमच्यासाठी नाही. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी फुटतं, म्हणजे तुमचं २६ ते ३६ व्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी, फुटलं तर. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतो, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. दिवस मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, ताणही कमी होतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून डोळे भरून आले. सह्यकडा यांचा प्रतिसाद यांना वाचायला दिला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले की तपासणी करून येतो. तंबाखूसाठीही सरकारी दवाखान्यात समुपदेशन मिळतं का ते विचारणार आहेत.

अबोलीताई, दोन शंका राहिल्या. उपास सोडायचे नाहीयेत, मला त्यातून बळ मिळतं. मग साबुदाण्याऐवजी काय? आणि बी१२ ची गोळी मेडिकलमधून आणून लगेच सुरू करू का?

अबोली_पुणे

उपास सोडू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्ट, त्यात बटाटा घातला की आणखी भर. त्याऐवजी वरीचे तांदूळ थोडे आणि शेंगदाण्याची आमटी भरपूर, राजगिऱ्याची भाकरी आणि दही, किंवा भाजलेला मखाणा आणि ताक. एखादं फळ, पनीर. दिवसभर उपाशी राहून रात्री पोटभर खिचडी असं मात्र नको. ज्या दिवशी खिचडी खावीच वाटेल त्या दिवशी लहान वाटीभर, दाण्याचं कूट दुप्पट आणि सोबत दही.

बी१२ ची गोळी इतक्यात सुरू करू नका, आधी रक्त तपासायला द्या. गोळी सुरू केल्यावर तपासलं तर आकडा चांगला दिसतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही. त्याच वेळी साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी नको, ग्लुकोज पाजून करतात ती दोन तासांची करून घ्या, पीसीओडीत तीच उपयोगाची. गोळी की इंजेक्शन आणि किती दिवस, हे रिपोर्ट पाहून तुमच्या डॉक्टर ठरवतील. फॉलिक अ‍ॅसिड तोवर चालूच ठेवा. रिपोर्ट आले की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमच्या बँकेच्या वेळा सांगा, त्याप्रमाणे डब्याचं बसवून देते.