मदत हवी आहे: शेवटच्या कवचात दोघांचाही एकच इलेक्ट्रॉन, मग सोडियम आणि तांबे इतके वेगळे का?

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत आहे आणि आवर्तसारणीचा धडा मी तिच्याबरोबर पुन्हा वाचतो आहे. अणूच्या बाह्यतम कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावर त्याची संयुजा (बंध जोडताना तो किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो) आणि अभिक्रियाशीलता ठरते, हे मी तिला सावकाश समजावले. सोडियमचे संरूपण, म्हणजे कवचांनुसार इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १. तो एक इलेक्ट्रॉन गेला की पूर्ण अष्टक उरते. क्लोरीनचे २, ८, ७. त्याला एकच कमी पडतो. कार्बनला चार देणेही जड आणि चार घेणेही जड, म्हणून तो भागीदारी करून सहसंयुज बंध जोडतो. इथपर्यंत तिला सारे पटले.

मग तिने वहीत तांब्याचे संरूपण लिहिले: २, ८, १८, १. "बाबा, यालाही शेवटी एकच आहे की!"

शाळेत सरांनी रॉकेलच्या बाटलीतून काढून सुरीने कापलेला, डाळीच्या दाण्याएवढा सोडियमचा तुकडा तिने पाण्यावर पाहिला होता. त्याची क्षणात वितळून चकचकीत गोळी झाली आणि ती सूं सूं करत इकडून तिकडे धावू लागली. आमच्या घरी आजीचा तांब्याचा हंडा आहे. त्यात रात्रभर पाणी असते आणि सकाळी हंडा जसाच्या तसा. मला वाटले होते की तांब्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात, म्हणजे केंद्रकापासून आणखी दूर असल्यामुळे तो उलट जास्त सहज सुटायला हवा. माझे नेमके काय चुकते आहे? शिवाय तांब्याची संयुजा २ कशी असते? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

मुलीने अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे, तिचे कौतुक सांगा. तांब्याची तुलना सोडियमऐवजी पोटॅशियमशी करून पाहा, कारण पोटॅशियमचाही (२, ८, ८, १) शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्याच कवचात आहे. पोटॅशियमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन आहेत, तर तांब्याच्या केंद्रकात २९. तांब्याचे जादा दहा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात आहेत खरे, पण ते डी-उपकवचातले (कवचाच्या एका पोटविभागातले) असल्यामुळे केंद्रकाच्या ओढीला पुरेसा आडोसा देत नाहीत. परिणामी बाहेरचा इलेक्ट्रॉन आत खेचला जातो आणि कवच चौथे असूनही तांब्याचा अणू सोडियमच्या अणूपेक्षा लहान भरतो. पहिला इलेक्ट्रॉन काढायला पोटॅशियमला मोलमागे सुमारे ४१९ किलोज्यूल लागतात, सोडियमला ४९६ आणि तांब्याला तब्बल ७४५. तुम्ही कवचे मोजलीत ते बरोबरच होते, फक्त केंद्रकाची ओढ हिशेबात धरायची राहिली.

दुसरे असे की अणू आधी धातूतून सुटावा लागतो. सोडियम ९८ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. तांब्याच्या अणूंची एकमेकांवरची पकड किती घट्ट आहे ते यावरूनच दिसते.

संयुजेचे उत्तरही आतल्या कवचातच आहे. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन पूर्ण अष्टक मोडून काढायचा तर ४५६२ किलोज्यूल लागतात, म्हणून ते एकावरच थांबते. तांब्याच्या १८ इलेक्ट्रॉनांच्या कवचातून एक काढायला १९५८ पुरतात आणि पाण्यात त्या दुहेरी प्रभाराच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू जमताना बरीच ऊर्जा परत मिळते. मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) निळा खडा तिच्या हातावर ठेवा: तो याच आयनाचा रंग आहे. (हाताळल्यावर हात धुवायला सांगा, मोरचूद विषारी असते.)

तांबे अगदीच स्वस्थ बसते असेही नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकते ते याचमुळे, की आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांबे विरघळवतात. कल्हई करायची ती त्यासाठीच.

बाहेरच्या कवचाचा नियम पहिल्या दोन आणि १३ ते १८ या गणांत निर्धास्तपणे वापरावा. मधल्या संक्रमण धातूंसाठी मात्र बाहेरून दुसरे कवचही तिला वहीत अधोरेखित करायला सांगा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. पोटॅशियम आणि तांबे शेजारी शेजारी लिहून तिने प्रोटॉन मोजले आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे ओढ वाढली." आता तिने त्याच गणातली चांदी काढली आहे: २, ८, १८, १८, १. आतले कवच तसेच १८चे असूनही चांदी बहुतेक संयुगांत एकच इलेक्ट्रॉन का देते, हेही कृपया समजावून सांगाल का?