थंडीने पोलाद 'ठिसूळ' होतं की 'भंगुर'?

रेघोट्या (धागाकर्ती)
दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांवरचा एक लेख मराठीत आणतेय. जानेवारी १९४३मध्ये 'शेनेक्टडी' नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्याला उभ्या-उभ्या मधोमध फाटलं. ना वादळ, ना पाणसुरुंग. मी लिहिलं, 'थंडीत पोलाद ठिसूळ झालं होतं.' संपादकांनी 'ठिसूळ' खोडून 'भंगुर' केलं. म्हणे ठिसूळ ते, ज्याचा चुरा होतो: खडू, वीट, म्हातारपणची हाडं. मुद्दा पटतो, पण 'भंगुर पोलाद' वाचलं की मला एकदम वैराग्य येतं. तुम्ही काय लिहाल? शिवाय ज्या तापमानाखाली हे घडतं त्यालाही सुटसुटीत शब्द हवाय. 'तन्य-भंगुर संक्रमण तापमान' कृपया नको.

जुना_फिटर
आम्ही कामावर 'कडक' म्हणायचो. माल कडक आहे, सांभाळून! म्हणजे वाकणार नाही, तुटेल. पाणी जास्त बसलेल्या छिन्नीचा टवका उडतो, तीही कडकच.

वितळबिंदू
कडक वेगळं, ठिसूळ वेगळं. थंडीत पोलाद कमजोर होत नाही; उलट ते वाकवायला जास्त जोर लागतो. गोची तिथेच आहे. लोखंडातल्या अणूंची मांडणी अशी, की त्यांचे थर एकमेकांवरून सरकायला थोडी उष्णतेची मदत लागते. ती मिळेनाशी झाली की धातू ताण सरकून पचवत नाही, सरळ तडकतो. तांबं, निकेल, अ‍ॅल्युमिनियम यांची मांडणी निराळी. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांतही, ते वाकतात. तेव्हा 'थंडीने धातू ठिसूळ होतात' असं सरसकट वाक्य लेखात असेल तर आधी ते काढा. शब्द मात्र 'ठिसूळ'च ठेवा, शाळेत तोच शिकलो.

शुद्धमती
शाळेत शिकलो हा युक्तिवाद झाला? तन्य हे 'तन्'वरून, म्हणजे ताणणं. तंतू, ताण त्याच घरातले. भंगुर 'भञ्ज्'वरून. जोडी जमते. ठिसूळला कूळ ना मूळ.

चिकटपट्टी
ठिसूळचं मूळ आवाजात असणार. ठिस्स! (व्युत्पत्ती घरगुती आहे, कोशात शोधू नये.) आवाजावरून आठवलं: शिशाची घंटा एरवी नुसती 'ठक्क' करते, पण द्रव नायट्रोजनमधून काढून वाजवली की चक्क किणकिणते. मी स्वतः ऐकलंय. मग ते शिसं ठिसूळ म्हणायचं का?

वितळबिंदू
नाही. ते तेव्हाही तडकत नाही, वाकतं. फिटरसाहेबांचं 'कडक' इथे चालेल.

जुना_फिटर
आभारी आहे.

उंटावरून
दोन्ही शब्द सोडा आणि उलटीकडून या. 'थंडीने पोलादाचा चिवटपणा गेला.' मोजतातही तोच. खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकासारखा हातोडा सोडायचा. तुकडा मोडून हातोडा पलीकडे जितका कमी वर चढेल, तितकी जास्त ऊर्जा तुकड्याने खाल्ली. शार्पी यांची चाचणी, १९०१पासूनची. तापमान उतरवत नेलं की साध्या पोलादाची ही भूक एका पट्ट्यात धाडकन पडते. त्याला 'चिवटउतार' म्हणा.

शुद्धमती
'चिवटउतार'! घाटरस्त्याचं नाव वाटतं.

रेघोट्या
मला आवडलं, पण मथळ्यात 'चिवटपणा गमावलेलं जहाज' लिहिलं तर लोक हसतील. लेखात केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांचंही काम आहे. खापर वेल्डिंगवर फुटत होतं, पण खोट पोलादातही आहे हे त्यांनी दाखवलं. वेल्डिंगमुळे इतकंच झालं, की एका पत्र्यातली ती... हं, काय लिहू? भेग, तडा की चीर? ती पुढच्या पत्र्यात सलग धावत जायची. रिव्हेट मारलेल्या जोडापाशी ती बऱ्याचदा अडायची.

शुद्धमती
तडा काचेला, भेग जमिनीला, चीर दगडाला.

जुना_फिटर
आणि लोखंडाला क्रॅक.

चिकटपट्टी
रबराला काय म्हणाल? १९८६च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघातानंतर भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी त्याच्या रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कडीचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सैल केला, तर तुकडा लगेच मूळ आकारात येईना. ते रबर तुटलंच नाही. म्हणजे ठिसूळही नाही आणि भंगुरही नाही.

उंटावरून
थिजलं.

शुद्धमती
थिजतं ते आधी प्रवाही असावं लागतं. तेल थिजतं, मेण थिजतं. रबर मुळातच घन.

उंटावरून
माणूस भीतीने थिजतो. तो प्रवाही असतो?

वितळबिंदू
भांडू नका. रबर गारठलं म्हणा.

शुद्धमती
गारठायला जीव लागतो.

जुना_फिटर
इंजिन गारठलंय असं सगळे म्हणतात. त्यापेक्षा हे सांगा, कडाक्याच्या थंडीत डिझेल थिजतं की गोठतं? त्यात मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो, पण टाकीत ठोकळा काही होत नाही.

शुद्धमती
थिजतं. गोठतं ते पाणी.

रेघोट्या
मथळा आज संध्याकाळपर्यंत द्यायचाय हो!

उंटावरून
थांबा एक मिनिट. शुद्धमती, पारा उणे ३९ अंशांच्या आसपास घट्ट होतो. तेव्हा तो काय करतो?

शुद्धमती
गोठतो. पारा धातू आहे.

उंटावरून
पाणी तर नाही ना? आणि आधी प्रवाहीही होता. तुमच्याच नियमाने थिजायला हवा.