फुलझाडं आणि ऋतू: आपापले बारकावे इथे लिहा

अबोली_
शेवंतीच्या शेंड्यांवर आज मुगाएवढ्या कळ्या दिसल्या आणि वहीतली जुनी टिपणं आठवली, म्हणून हा धागा. फूल येत नाही म्हटलं की लोक लगेच खत सुचवतात. बहुतेक वेळा चुकलेली असते ती वेळ. शेंडा कधी खुडला, छाटणी कधी केली, पाणी कधी तोडलं, रात्री झाडावर उजेड किती होता, हे आधी बघायला हवं. ज्याला जे झाड नीट कळतं त्याने तेवढंच लिहा, पण आकड्यांसकट.

शेवंतीपासून सुरुवात करते. शेंड्याकडची 7 ते 10 सेंमीची, कळी नसलेली कोवळी फांदी घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर कोकोपीट-वाळूत सावलीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. रोप 15 सेंमीचं झालं की खाली पाच-सहा पानं ठेवून शेंडा खुडायचा. बाजूचे फुटवे 10-12 सेंमी झाले की पुन्हा एकदा. मात्र दिवस लहान व्हायला लागले की खुडणी बंद! तेव्हा शेंडा खुडला तर कळीच खुडली जाते. मोठ्या फुलाच्या जातीत मधली कळी ठेवून बाजूच्या काढा. बारीक फुलांचा झुबका हवा असेल तर उलट, मधली काढा.

गच्चीबाग
शेवंतीला रात्रीचा अंधार सलग मिळाला पाहिजे, हे जोडते. कुंडीवर थेट बल्बचा उजेड पडत असेल तर झाड हिरवंगार वाढत राहतं आणि कळी धरत नाही. एकाच कुंडीत उजेडाकडची बाजू बिनफुलाची आणि आडोशाची बाजू फुललेली दिसते कधी कधी. कुंडी हलवणं हाच उपाय. पॉइन्सेटियाचंही तेच, त्याला तर रोज सुमारे 14 तास गडद अंधार लागतो.

कुंडीभर
अरे वा, चांगला धागा. मोगऱ्याचं कोणीतरी लिहा, पानंच पानं येतायत 😟

रानजाई
@कुंडीभर ऊन किती तास? मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो, जुन्या लाकडावर नाही. त्यामुळे थंडी सरताना एक तृतीयांश छाटायचा, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या बुडापासून काढायच्या, राहिलेली पानं ओरबाडायची. त्याआधी दोनेक आठवडे पाण्याचा ताण. पूर्ण कोरडं ठेवायचं नाही, कोवळी टोकं माना टाकायला लागली की थोडं पाणी. छाटणीनंतर 12 इंची कुंडीत वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत मिसळा आणि भरपूर पाणी द्या. पाच-सात आठवड्यांत कळ्या. एक बहर ओसरला की प्रत्येक फांदी दोन पेरं मागे कापायची, पुढचा बहर तिथूनच येतो.

पानंच पानं येण्याचं दुसरं कारण म्हणजे युरिया किंवा नत्र जास्त असलेलं कुठलंही खत. ते आधी थांबवा.

कुंडीभर
ऊन तीन तास. कळलं 🙏 कुंडी हलवतो. पण ती जड आहे फार.

शेंडाखुड
ओल्या मातीची 12 इंची कुंडी 20 किलोच्या वर सहज जाते. एकट्याने उचलू नका. दोन दिवस पाणी न देता मग हलवा, खाली जुनी सतरंजी घालून ओढा. आणि मिश्रण हलकं करा: माती 4 भाग, शेणखत 3, कोकोपीट 2, जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके खडे) 1. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

पागोळी
तळाला खडी घालायची की नाही? सगळे घाला म्हणतात

शेंडाखुड
@पागोळी नाही. खडीने निचरा सुधारत नाही. बारीक माती आणि जाड खडी जिथे भेटतात तिथे पाणी अडून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही, आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर उचला. पावसाळ्यात खालच्या थाळ्या काढून टाका.

अबोली_
विटांचं अगदी खरं. कुंडी फरशीला चिकटून असली तर भोक असून नसल्यासारखं.

मातीगंध
गुलाब. पाच पर्णिका (एका पानातली छोटी पानं) असलेल्या पानाच्या वर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्यापासून (जिथून नवी फूट येते त्या जागेपासून) अर्धा सेंमी वर, तिरका काप. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळा आत वळलेला निवडला तर नवी फांदी झाडाच्या मध्यात शिरते, हवा खेळत नाही आणि मग बुरशी.

काळे ठिपके खालच्या पानांपासून सुरू होतात. ठिपक्याची कड पिसासारखी फाटलेली, भोवती पिवळं. पान सात तासांच्या वर ओलं राहिलं की रोग धरतो, म्हणून पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी. ठिपक्यांची पानं तोडा, खाली पडलेलीही वेचा, पण कंपोस्टमध्ये टाकू नका.

आणि कलमाच्या गाठीखालून आलेली फांदी ठेवू नका! ती खुंटाची, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलंय त्याची असते. सात पर्णिका म्हणजे रानटी असं सांगतात, पण काही चांगल्या गुलाबांनाही सात असतात, त्यावर भरवसा नको. माती उकरून फांदी कुठून निघते ते बघा. गाठीखालून असेल तर कापायची नाही, मुळाशी धरून खाली ओढून उपटायची. कापली तर उरलेल्या डोळ्यांतून आणखी फुटवे येतात.

सदाफुली९
गॅसवर दूध आहे, पटकन विचारते. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. खत घालू का?

रानजाई
@सदाफुली९ ताई, आत्ता खत नको. गळलेली कळी हातात घ्या आणि नखाने उभी चिरा. आत पांढरट पिवळसर बारीक अळ्या वळवळताना दिसल्या तर कळीमाशी. मग गळलेल्या आणि पिवळ्या पडत चाललेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. अळी कळीतून निघून मातीत कोष करते, म्हणून कळी मातीवर पडू द्यायची नाही. हे चिकाटीने काही आठवडे करावं लागतं. आत काही नसेल तर पाण्याची अनियमितता, एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल. तेही नसेल तर फुलकिडे.

सदाफुली९
चिरून पाहिली. आहेत!! तीन दिसल्या. ईईई. आजपासून वेचते. आणि देठाजवळ कापसासारखं पांढरं पण आहे

मातीगंध
ते पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला 70 टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल लावून पुसा, मग निंबोळी तेल: एक लिटर पाणी, 5 मिली तेल, 1-2 मिली पातळ साबण. आधी तेल आणि साबण घोटा, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. संध्याकाळी फवारा, पानाच्या खालून, दर सात दिवसांनी. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. मुंग्यांची रांग दिसते का तेही बघा. त्या चिकट गोडव्यासाठी ढेकणांना राखतात, त्यांना अडवल्याशिवाय कीड हटत नाही.

पागोळी
सदाफुली ताई धीर धरा, जास्वंद दणकट असते, येईल परत भरभरून

बियाणं_डबी
थंडीतल्या फुलांच्या बिया टाकताना उजेड-अंधार पाळा. पिटुनियाचं बी भुकटीसारखं, त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरवा, झाकू नका, ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्या. पॅन्सीला उलट अंधार हवा, आणि 18 ते 20 अंश गारवा. उकाड्यात घाईने पेरली तर बी पडून राहतं आणि नाव बियाण्याचं खराब होतं. झिनिया 5-6 मिमी खोल, थेट कुंडीतच, कारण मूळ हलवलेलं तिला आवडत नाही. कॉसमॉसला खत अजिबात नको, सुपीक मातीत उंच वाढून लोळतो आणि फुलं उशिरा.

रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडलं तर ती बुरशी, ते रोप वाचत नाही. दाट पेरणी, सतत ओल, कोंदट हवा ही कारणं. ट्रेवरचं झाकण कोंब दिसताच काढा, बागेतली जुनी माती बियांना वापरू नका.

कुंडीभर
झेंडूच्या फुलातल्या बिया धरल्या तर चालतील ना?

बियाणं_डबी
चालतील, पण संकरित वाणाची पुढची पिढी तशीच येत नाही, फूल लहान किंवा एकेरी होऊ शकतं. फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्या, सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. पेरण्याआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून बघा, सात-आठ फुटल्या तर उत्तम.

गच्चीबाग
डेलियाबद्दल एकच. कंद कितीही जाडजूड असला तरी जुन्या खोडाच्या बुंध्याचा डोळा असलेला तुकडा सोबत नसेल तर तो फुटत नाही. विभागणी करताना प्रत्येक कंदाला निदान एक डोळा हवा. 10 सेंमी खोल आडवा ठेवा, आधाराची काठी लावणीच्या वेळीच रोवा, नंतर रोवली तर कंदातून आरपार जाते. कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताचं, नाहीतर सडतो.

निशिगंधाचंही लिहायचं होतं पण टाकीत पाणी चढवायचंय.

अबोली_
निशिगंध मी लिहिते. फुलून गेलेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं फुलतात. म्हणून गड्डा दोन-तीन वर्षांनी उकरायचा, 2 ते 3 सेंमी व्यासाचे कंद निवडून 5 सेंमी खोल लावायचे, बारीक पिल्लं वेगळ्या कुंडीत वाढवायची. पहिल्या खेपेला दांडा नाही आला म्हणून उपटू नका.

सदाफुली९
पिशवीत बांधलेल्या कळ्या उन्हात ठेवल्या तर अळ्या मरतील का?

रानजाई
हो, काळी पिशवी असेल तर चांगलंच. तोंड घट्ट बांधा, दोन-तीन दिवस कडक ऊन लागू द्या, मग टाका.