सॉकेटमधले कण सुटे का निघतात

एक प्रश्न येतो: सॉकेटमध्ये (दात काढल्यावर जबड्यात राहिलेल्या खड्ड्यात) बोव्हाइन ग्राफ्ट (गाईगुरांच्या हाडापासून बनवलेले कण) भरून चार महिन्यांनी इम्प्लांटसाठी ड्रिल केलं तर कण सुटे निघाले, मग मटेरियलच खराब का? बहुतेक वेळा नाही. बोव्हाइन कण वर्षानुवर्षं विरघळत नाहीत. ते फक्त जागा धरून ठेवतात, हाड त्यांच्याभोवती कडेकडून आत वाढतं. म्हणून त्याला सहा महिने द्यायलाच हवेत. मिनरलाइज्ड अ‍ॅलोग्राफ्ट (दुसऱ्या माणसाचं, खनिजं न काढलेलं हाड) चारेक महिन्यांत तयार होतो, पण आकार तितका टिकवत नाही. बीटा-टीसीपी (कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट) लवकर विरघळतो. बकल (गालाकडची) भिंत गेलेली असेल तर तो एकटा वापरू नये.

खरी चूक भरताना होते. ग्रॅन्युलेशन टिश्यू (सॉकेटमधला मऊ, सुजलेला ऊतींचा थर) पूर्ण खरवडून हाडातून रक्त येऊ द्या. कोरड्या सॉकेटमध्ये काहीच रुजत नाही. ०.२५ ते १ मिमीचे कण सलाइन किंवा रक्तात भिजवून हलक्या हाताने बसवा. कण चुरडतील इतकं ठासलं की मधल्या फटी बुजतात, रक्तवाहिन्या शिरत नाहीत आणि कणांभोवती नुसती तंतुमय ऊती बनते. मेंब्रेन (ग्राफ्टवर घालायचा पातळ पडदा) हाडातल्या खड्ड्याच्या कडेपलीकडे २-३ मिमी हवा, तोही न हलणारा.

जबड्याच्या हाडाची रुंदी वाढवायची असेल तर रुग्णाचं खरवडलेलं हाड आणि बोव्हाइन निम्मं-निम्मं मिसळावं. या पर्यायांत जिवंत पेशी फक्त रुग्णाच्याच हाडात असतात. आणि फ्लॅप (उचललेली हिरडी) ताण न देता बंद होत नसेल, तर पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण, जे हिरडीसोबत उचललं जातं) सोडवल्याशिवाय टाके घालू नका.