अनुभव धागा : रूळ आले आणि आमच्या घरात काय बदललं?

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, एवढं शाळेत झालंय. पुढचं हवंय. घरातली नोकरी, धंदा, गाव सोडणं हे रुळांमुळे कसं ठरलं? घरातल्या मोठ्यांना विचारून लिहिलंत तरी चालेल. लोकलच्या गर्दीवर नको, त्याचे धागे रग्गड आहेत.

भुसावळ
वडील गार्ड. रात्रीबेरात्री कॉलबॉय (ड्यूटीचा निरोप आणणारा रेल्वेचा माणूस) कडी वाजवायचा, वडील त्याच्या वहीत सही करायचे आणि आई कणीक मळायला घ्यायची. आमची दिवाळी त्यांच्या ड्यूटीप्रमाणे, पंचांगाप्रमाणे नाही. मामांची केळी रावेरहून दिल्लीला जायची. वॅगन मिळाली तर पैसा, नाही तर माल जागेवरच पिकायचा.

खामगाव
अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला मागणी आली. आमचा जलंब-खामगाव रेल्वेफाटा १८७० चा, तो कापसासाठीच. पणजोबांपासून घरात जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायची, मजुरी. गाठी गेल्या, कापड बाहेरून आलं.

मूळ राजापूर, जन्म परळ
आमचं उलटंच. कापूस रेल्वेने मुंबईत यायचा, पण गिरणीत राबणारा कोकणी माणूस बोटीने! आजोबा मुसाकाजीला बोट धरून भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गावच्याच माणसांच्या खोलीत, पाळीपाळीने झोपायच्या जागेत, राहिले. गिरणीत साच्यावर (मागावर) होते. शिमगा-गणपतीला गावी जायचं तर आधी बोटीची, नंतर एसटीची रांग. घाटावरच्या सोबत्याला रात्री गाडीत बसलं की सकाळी घर, याचा त्यांना शेवटपर्यंत हेवा वाटायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आजोबा गावी परतले. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. इंग्रजांनी घाट फोडून १८६३ मध्ये खंडाळ्यापलीकडे गाडी नेली, कारण पलीकडे कापूस होता. कोकणातून न्यायचं होतं ते फक्त माणूस, आणि तो बोटीने स्वतःच येत होता. माझं मत, वाद घाला खुशाल.

लातूर
आमच्याकडे १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी. आडतीवरचा माल त्याच लाइनवर. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मात्र मिरजेहून गाडीने पाणी आलं. स्टेशनवर बघायला अख्खं गाव! तोवर ब्रॉडगेज झालं होतं म्हणून बरं. छोट्या लाइनवर एवढं वजन ओढता आलं असतं का? भुसावळकर, वडिलांना विचारून सांगा.