रात्री शुगर घसरली तर सिस्टरने डॉक्टरांची वाट पाहायची का?

रात्रपाळी_ठाणे:
घोडबंदर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला आहे. आमच्याकडचा नियम असा की शुगर ७०च्या खाली गेली की आधी आरएमओला (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला) फोन, मग उपचार. आरएमओ कॅज्युअल्टीत अडकलेला, समोर पेशंट घामाने भिजलेला, आणि मी फोन कानाला लावून उभी. हे मला मान्य नाही. पेशंट शुद्धीत आहे, गिळू शकतो, तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्यावं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही न घालता शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) १०० मिली. याची लेखी स्टँडिंग ऑर्डर हवी, म्हणजे डॉक्टरांची वाट न पाहता उपचार सुरू करायची आधीच दिलेली परवानगी. मेंदू साखरेवर चालतो, तो फोन लागेपर्यंत थांबत नाही.

फिजिशियन_वाशी:
तोंडाने द्यायला माझी हरकत नाही, शिरेतून द्यायला आहे. एवढं दाट डेक्स्ट्रोज शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळू शकतं. त्याहून मोठी भीती वेगळीच. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू, त्यात किडनी मंदावलेली, अशा पेशंटची शुगर वर येते आणि काही तासांनी पुन्हा कोसळते. तोवर सगळे निर्धास्त. छापील ऑर्डर हाताशी असली की मला फोन उशिरा येतो, हा माझा अनुभव आहे.

रात्रपाळी_ठाणे:
डॉक्टर, कोणाला कुठली गोळी चालू आहे हे रात्री दोन वाजता आम्हालाच तोंडपाठ असतं. व्होग्लिबोजवाल्याला साधी साखर दिली तर ती लवकर चढत नाही, कारण ती गोळी साखरेचं पचनच लांबवते. त्याला ग्लुकोज पावडरच लागते. बीपी-हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याला धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र फुटतो, म्हणून चादर ओली दिसली की मी ग्लुकोमीटर काढते. आणि शीर चालू आहे का हे फ्लश करून (थोडं सलाईन सोडून) बघणं आमचं रोजचं काम आहे.

कळव्याची_लेक:
युनिफॉर्ममधली प्रत्येक जण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) असते असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री जी मुलगी असते, तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे कोण विचारतं? माझे वडील अर्धवट गुंगीत असताना एक जण त्यांच्या तोंडात साखरपाणी ओतायला निघाली होती. ते श्वासनलिकेत गेलं असतं तर? माझा या ऑर्डरला विरोधच आहे.

सीएचओ_शहापूर:
आम्ही सीएचओ, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रावरचे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर; तिथे डॉक्टर नसतोच. नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा कोर्स करून आम्ही बीपी-शुगरचे पेशंट सांभाळतो, डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या पुढे देतो. शहापुरात हा विश्वास टाकता येतो तर ठाण्यात का नाही?

फिजिशियन_वाशी:
तिथे डॉक्टर नाही म्हणून ती सोय आहे. इथे आरएमओ दोन मजले खाली आहे. तो पोहोचत नसेल तर रात्री दुसरा नेमा. मॅनेजमेंटचा वाचलेला पगार सिस्टरच्या जोखमीतून का भरून काढायचा?

रात्रपाळी_ठाणे:
दुसरा आरएमओ हवाच, पण आज रात्रीचं काय? मग ऑर्डरमध्ये लिहू: शिरेतून फक्त नोंदणी असलेल्या सिस्टरने द्यायचं, देतानाच दुसरीने आरएमओला फोन लावायचा, ग्लिमेपिराइड किंवा तशीच ग्लिक्लाझाइड गोळी चालू असेल तर पुढे तासातासाला शुगर. कुठल्या ओळीला विरोध आहे?

फिजिशियन_वाशी:
पहिल्या ओळीला अजूनही आहे. बाकीच्या दोन उद्यापासून माझ्या वॉर्डात लावतो.